गाडीतून जळक्या रबराचा वास येतोय? आधी 'कधी येतो' ते बघा

आजचा भाग जरा नाकाने ऐकायचा आहे.

गाडी चालू आहे, गाणी लागलीत, आणि अचानक जळक्या रबराचा वास येतो. मागे बसलेली आई विचारते, "काहीतरी जळतंय का रे?" आपण काच खाली करतो, दोनदा हुंगतो आणि "बाहेरून येतोय" म्हणून विषय मिटवतो. आता कधीकधी तो खरंच बाहेरून येत असतो. पण कधीकधी तो आपल्याच चाकातून येत असतो आणि समोर अजून आठ किलोमीटर घाट उतरायचा असतो. या दोन्हींतला फरक कसा ओळखायचा आणि ओळखल्यावर काय करायचं, यावर आज बोलूया.

एक आधीच सांगतो, मी मेकॅनिक नाही. सॉफ्टवेअरवाला आहे, घरची गाडी स्वतः उघडून बघायची हौस आहे एवढंच. पण आमच्या कामात एक सवय लागते. कुणी नुसतं "ॲप चालत नाहीये" म्हणालं तर त्यावर काहीच करता येत नाही. कधी बंद पडतं, काय दाबल्यावर, दरवेळी की एखाद्या वेळीच, हे विचारावं लागतं. वासाचंही तसंच आहे. क्लच प्लेट, ब्रेक पॅड, फॅन बेल्ट, वायरचं प्लास्टिक, यांचे वास वेगवेगळे असतात हे खरं, पण तो फरक फिटरच्या नाकाला कळतो. तुमच्या-माझ्या नाकाला सगळं 'जळकं रबर'च. म्हणून वास कसा आहे यापेक्षा तो कधी येतो याकडे लक्ष द्या. तिथे नव्वद टक्के उत्तर मिळतं. (हा आकडा माझा अंदाज आहे हां, कुठल्या अभ्यासातला नाही!)

सगळ्यात सोपी तपासणी गाडीत बसूनच होते. एसीच्या बटणांमध्ये एक बटण असतं, गाडीचं चित्र आणि आत वळलेला बाण. ते दाबलं की बाहेरची हवा बंद होते आणि आतलीच फिरते. घाटात पुढे भरलेला ट्रक असेल तर त्याच्या ब्रेकचा वास थेट आपल्या गाडीत शिरतो. बटण दाबा, थोडं मागे राहा, ट्रकला पुढे जाऊ द्या. ट्रक लांब गेल्यावर बटण परत बाहेरच्या हवेवर करा. वास गेला, तर तो ट्रकचा. अजूनही येत असेल तर तो आपला.

आता आपला असेल तर पहिला संशयित क्लच. ओळख अगदी सोपी: वास चढावर येतो, ट्रॅफिकमध्ये येतो, सोसायटीच्या बेसमेंटमधून रिव्हर्समध्ये रॅम्प चढताना येतो. थोडक्यात, तुमचा डावा पाय अर्धवट दाबलेला असतो तेव्हा. हाफ क्लचवर प्लेट पूर्ण चिकटलेली नसते आणि पूर्ण सुटलेलीही नसते. ती घासत असते, आणि घासलं की तापणारच. चढावर ब्रेक न लावता क्लच-ॲक्सिलरेटरच्या जोरावर गाडी धरून ठेवणं हे आपल्याकडे ड्रायव्हिंगचं कौशल्य मानतात. "बघ, एक इंचही मागे गेली नाही!" अरे, नाही गेली, पण प्लेट जाळून थांबलीय ती. चढावर थांबायचं असेल तर हँडब्रेक ओढा, न्यूट्रल करा, पाय काढा. निघताना क्लच सोडत आणा, गाडी ओढ घेतेय असं जाणवलं की मग हँडब्रेक खाली.

आपल्या श्रोत्यांपैकी बऱ्याच जणांकडे एएमटी गाडी असेल, त्यांच्यासाठी एक खास गोष्ट. क्लच पेडल नाही म्हणजे क्लच नाही, असं नसतं. एएमटीमध्ये साध्या मॅन्युअल गाडीसारखीच क्लच प्लेट असते, फक्त पायाचं काम एक यंत्र करतं. सिग्नलला चढावर तुम्ही ॲक्सिलरेटर हलका दाबून गाडी धरून ठेवली, तर ते यंत्र बिचारं हाफ क्लचच करत बसतं. थांबलात की ब्रेक दाबा. ब्रेक दाबला की ते क्लच पूर्ण सोडतं आणि प्लेट वाचते.

एखाद्या वेळी रॅम्पवर वास आला, दहा मिनिटांत गेला, गाडी पहिल्यासारखी ओढतेय, तर काळजी नको. प्लेट थंड झाली, विषय संपला. पण रोज येत असेल तर एक चाचणी करा. रिकाम्या, सरळ रस्त्यावर चौथ्या गिअरमध्ये साधारण चाळीसच्या वेगाला असताना ॲक्सिलरेटर एकदम दाबा. आरपीएमचा काटा आणि गाडीचा वेग बरोबरीने वाढले पाहिजेत. काटा एकदम उडाला, इंजिन ओरडलं आणि वेग मात्र आहे तिथेच, तर प्लेट घसरतेय, बदलायची वेळ झाली. बदलताना प्लेट, प्रेशर प्लेट आणि रिलीज बेअरिंग एकत्र बदला. त्यासाठी गिअरबॉक्स खाली उतरवावा लागतो, मजुरीचा मोठा भाग तिथेच जातो. दोन-चार हजार वाचवायला बेअरिंग जुनं ठेवलं आणि ते सहा महिन्यांनी गेलं, की पुन्हा सगळं उतरवा.

दुसरा संशयित बेल्ट. इंजिनच्या पुढच्या तोंडाला जो बेल्ट असतो, त्याला आपल्याकडे सरसकट फॅन बेल्ट म्हणतात. त्यावर अल्टरनेटर चालतो, एसीचा कॉम्प्रेसर चालतो, बऱ्याच गाड्यांमध्ये पाण्याचा पंपही चालतो. हा घसरला तर वासाआधी आवाज येतो. सकाळी गाडी सुरू केल्या केल्या, किंवा एसी लावल्याबरोबर, 'चींऽऽ' असा. पावसाळ्यात जास्त. इंजिन बंद असताना टॉर्च मारून बघा: तडे गेलेत का, आतली बाजू काचेसारखी चकचकीत झालीय का, कडेचे दोरे सुटलेत का. तसं असेल तर बेल्ट बदला, हा तसा स्वस्तातला पार्ट आहे. पण नवा बेल्ट टाकूनही पंधरा दिवसांत वास परत आला तर बेल्टला दोष देऊ नका. कुठलीतरी पुली किंवा तिचं बेअरिंग जाम होतंय आणि बेल्ट त्यावरून फरफटत जातोय. एसी बंद केल्यावर वास थांबत असेल तर कॉम्प्रेसरकडे बघायला सांगा. आणि गाडी चालू असताना वासासोबत बॅटरीचा लाल दिवा लागला किंवा तापमानाचा काटा वर चढायला लागला, तर बेल्ट गेलाच समजा. बाजूला घ्या आणि थांबा. "पुढच्या गावापर्यंत जाऊ" म्हणण्यात हेड गॅस्केटचा खर्च येऊ शकतो.

आता ब्रेक. इथे मी जरा जास्त वेळ घेणार आहे, कारण बाकीच्या गोष्टींत पैसे जातात, इथे माणसं जाऊ शकतात.

महाबळेश्वर समुद्रसपाटीपासून सुमारे १३५० मीटर उंच. तिथून आंबेनळी घाटाने पोलादपूरला उतरलात की बाराशे मीटर तरी खाली आलात. गाडी, चार माणसं आणि सामान मिळून १५०० किलो धरू. बारावीचं फिजिक्स आठवा, एमजीएच. हिशोब केला तर साधारण १ कोटी ७६ लाख जूल होतात. विजेच्या भाषेत जवळपास ५ युनिट. म्हणजे घरातला २००० वॉटचा गीझर अडीच तास सलग चालू ठेवला तर जेवढी उष्णता होईल, तेवढी. ही सगळी ऊर्जा घाट उतरताना कुठेतरी जायला हवी. थोडी हवेच्या विरोधात जाते, थोडी टायरमध्ये. उरलेली तुम्ही ठरवायची, इंजिनला द्यायची की ब्रेकला.

पूर्ण उतार ब्रेकवर पाय ठेवून उतरलात तर ती ब्रेकला जाते. पॅड तापतात, वास येतो. इथपर्यंत ठीक. पुढे काय होतं, तर ती उष्णता ब्रेक ऑइलपर्यंत पोचते. डॉट ३ प्रकारचं नवंकोरं ब्रेक ऑइल किमान २०५ अंश सेल्सिअसपर्यंत उकळू नये असं मानक आहे, डॉट ४ चं २३०. पण हे ऑइल हवेतला ओलावा शोषून घेतं, आणि ओलावा शोषलेल्या ऑइलसाठी तीच मर्यादा १४० आणि १५५ वर येते. कोकणातली दमट हवा आणि चार वर्षं न बदललेलं ऑइल एकत्र आलं की काय होत असेल बघा! ऑइल उकळलं की पाइपमध्ये वाफेचे बुडबुडे होतात. द्रव दाबला जात नाही, वाफ दाबली जाते. म्हणजे तुम्ही पेडल दाबता, ते फुसकन तळाला जातं आणि चाकापर्यंत काहीच पोचत नाही.

म्हणून उतारावरचा जळका वास ही पहिली घंटा समजा. तो आला की पुढचं वळण, पुढचा पॉइंट, पुढची भजीची टपरी, जिथे सुरक्षित जागा मिळेल तिथे थांबा. इंजिन बंद करून गाडी गिअरमध्ये ठेवा, एएमटी नसलेली ऑटोमॅटिक असेल तर पी मध्ये. चाकाखाली दगड लावा. तापलेल्या ब्रेकवर हँडब्रेक शक्यतो करकचून ओढू नका. आणि डिस्कवर बाटलीतलं पाणी ओतू नका. लालबुंद तव्यावर गार पाणी ओतल्यावर तव्याचं जे होतं तेच डिस्कचं होऊ शकतं, ती वाकडी होते किंवा तडकते. अर्धा तास चहा घ्या. चाकाच्या जवळ हात नेला, फक्त जवळ, लावायचा नाही, की गार झालं का ते कळतं. निघताना मात्र तो दगड रस्त्याच्या कडेला टाका. घाटात लोकांनी रस्त्याच्या मधोमध सोडून दिलेले दगड बघितले की डोकं फिरतं माझं. मागून बाइकवाला येतो रे, त्याला नाही दिसत अंधारात.

उतरताना नियम जुनाच: ज्या गिअरमध्ये हा घाट चढला असता, त्याच गिअरमध्ये उतरा. दुसरा, फार तर तिसरा. इंजिन गाडीला मागे ओढून धरतं. ब्रेक वळणाआधी नीट, ठामपणे मारा आणि सोडून द्या, सतत हलका दाबून ठेवू नका. ऑटोमॅटिकमध्ये एल किंवा मॅन्युअल मोड याचसाठी दिलाय.

"पण न्यूट्रलमध्ये सोडली की पेट्रोल वाचतं ना?" हे मला घरात काकांपासून ऑफिसातल्या इंटर्नपर्यंत सगळ्यांनी ऐकवलंय. नाही वाचत. फ्युएल इंजेक्शनच्या गाडीत तुम्ही गिअरमध्ये असताना ॲक्सिलरेटर पूर्ण सोडला, तर इंजिन ठरावीक आरपीएमच्या वर असेपर्यंत इंजेक्टर इंधन सोडणंच बंद करतात. चाकंच इंजिनला फिरवत असतात. न्यूट्रलमध्ये मात्र इंजिनला स्वतः चालू राहायला पेट्रोल जाळावं लागतं. म्हणजे न्यूट्रलमध्ये पेट्रोलही जास्त जातं आणि सगळा भार ब्रेकवर येतो. इंजिनच बंद करून उतरणारे तर धन्य आहेत. तीन-चार वेळा पाय मारला की ब्रेकची व्हॅक्यूमची मदत संपते, पेडल दगडासारखं होतं, आणि किल्ली चुकून जास्त फिरली तर स्टिअरिंगही लॉक.

समजा पेडल मऊ लागलंच, तर पाय पटापट मारत राहा, त्याने थोडा दाब तयार होऊ शकतो. एकेक गिअर खाली आणा. हँडब्रेक बटण दाबून ठेवून हळूहळू ओढा, झटक्यात नाही. बटणवाला इलेक्ट्रिक हँडब्रेक असेल तर तो स्विच ओढून धरून ठेवा. हॉर्न आणि लाइट चालू ठेवा, आणि शक्यतो डोंगराच्या बाजूला राहा.

ब्रेकचा वास सपाट रस्त्यावरही येऊ शकतो, आणि निदान सगळ्यात जास्त चुकतं ते इथेच. माझ्या ऑफिसातल्या एका मित्राचं उदाहरण सांगतो. हॅचबॅक गाडी, दर शनिवारी पुणे-सातारा. खंबाटकी ओलांडून पुढे गेलं की वास. तो एका गॅरेजमध्ये गेला आणि म्हणाला, "जळका वास येतो." त्यांनी विचारलं, "घाटात का?" हा "हो" म्हणाला. झालं! क्लच सेट, दहा हजारांच्या वर एस्टिमेट. त्याने मला फोन केला तेव्हा मी एवढंच विचारलं की वास चढताना येतो की चढून झाल्यावर? तर म्हणे, चढताना नाही, पुढे सपाटीला अर्धा तास गेल्यावर येतो, आणि हल्ली ॲव्हरेजही कमी झालंय. सपाटीला पाचव्या गिअरमध्ये क्लचवर पायच नसतो, मग तो कशाला जळेल?

रविवारी आम्ही गाडी बाहेर काढली. दहा किलोमीटर चालवली, ब्रेक कमीत कमी वापरला. मग रिकाम्या सपाट रस्त्यावर वीसच्या वेगाला न्यूट्रल केली. चांगली गाडी अशी बऱ्यापैकी लांब घरंगळत जाते. ही लगेच थांबली. खाली उतरून चारही चाकांजवळ हात नेऊन बघितला. तीन कोमट, पुढचं डावं असं तापलेलं की हात जवळ धरवेना. कॅलिपर जाम होता. कॅलिपर ज्या पिनांवर सरकतो त्यांचं रबर फाटलं होतं, पावसाचं पाणी आत गेलं आणि पिना गंजल्या. पाय काढला तरी पॅड डिस्कला चिकटून राहायचा. दुसऱ्या एका फिटरने पिना काढून साफ केल्या, ब्रेकचं खास ग्रीस लावलं, रबर बदलली, आणि घासून पातळ झाल्यामुळे पुढचे पॅड दोन्ही बाजूंचे बदलले. क्लचला कुणी हातही लावला नाही.

ही चार चाकांची तुलना लक्षात ठेवा. एकच चाक गरम म्हणजे तिथला ब्रेक चिकटतोय, नाहीतर चाकाचं बेअरिंग चाललंय. मागची दोन्ही गरम म्हणजे हँडब्रेक अर्धवट राहिलाय किंवा त्याची केबल अडकलीय. पावसाळ्यात गाडी पंधरा दिवस हँडब्रेकवर उभी असली की हे हमखास होतं. वळताना किंवा खड्ड्यात आदळल्यावर वास येत असेल आणि गाडीत पाच माणसं असतील, तर टायर वरच्या प्लास्टिकला घासतोय का बघा. टायरच्या कडेला चकचकीत पट्टा दिसेल. ज्यांनी हौसेने मोठे टायर टाकलेत, त्यांनी तर बघाच.

काही फुटकळ कारणं भराभर सांगतो. गरम सायलेन्सरला रस्त्यावरची प्लास्टिकची पिशवी चिकटते, दोन-तीन दिवस घाण वास देते. गाडी पूर्ण गार झाल्यावर लाकडी पट्टीने खरवडून काढा. सर्व्हिसिंग झाल्या झाल्या वास आला तर सांडलेलं ऑइल जळत असेल, एक-दोन दिवसांत जाईल. नाही गेलं तर टॅपेट कव्हरचं पॅकिंग लीक असेल, तेल गरम मॅनिफोल्डवर ठिबकतं. बॉनेटमध्ये विसरलेलं फडकंही निघू शकतं. वास गोडसर असेल तर कूलंट गळतंय.

आणि वायर. या वासाला कुठलीच वेळ नसते, गाडी उभी असतानाही येतो. दोन कारणं जास्त दिसतात. एक म्हणजे उंदीर, बॉनेट उघडून कुरतडलेली वायर शोधा. दुसरं म्हणजे आपणच करून घेतलेली कामं. कंपनीच्या हेडलाइटला हाय बीमवर ६० वॉट लागतात, १२ व्होल्टला ५ अँपिअर. तिथे १०० वॉटचा बल्ब लावला की सव्वाआठ अँपिअर. तारेतली उष्णता करंटच्या वर्गाने वाढते, म्हणजे पावणेतीन पटीच्या पुढे. वायर मात्र तीच. रिले आणि वेगळी जाड वायर न टाकता हे केलं तर होल्डर वितळतो. वर फ्यूज उडतो म्हणून जास्त अँपिअरचा फ्यूज किंवा तारेचा तुकडा घालणारे महाभाग असतात. फ्यूज वायर वाचवायला उडतो हो!

वायरचा वास आणि धूर दिसला तर निदान वगैरे काही नाही. गाडी बाजूला, इंजिन बंद, सगळे बाहेर, लांब उभे राहा, ११२ ला फोन करा. बॅगा राहू द्या. बॉनेटमधून ज्वाळा येत असतील तर बॉनेट उघडू नका, आत हवा जाते आणि आग भडकते. पेट्रोलचा वास असेल तरीही हेच.

गॅरेजमध्ये गेलात की "वास येतोय" एवढंच नका सांगू. असं सांगा: "गार इंजिनला येत नाही, वीस मिनिटांनी येतो, एसी बंद असला तरी येतो, चढावर नाही, सपाटीला येतो, पुढच्या डाव्या बाजूने जास्त." फोनमध्ये लिहून ठेवा हवं तर. फिटरला शेजारी बसवून तोच रस्ता दाखवा. काढलेला जुना पार्ट बघायला मागा, त्यात लाजायचं काय? आणि ब्रेक ऑइल शेवटचं कधी बदललं ते विचारा. साधारण दोन वर्षांनी बदलायचं असतं, तुमच्या गाडीच्या मॅन्युअलमध्ये नेमकं दिलेलं असतं. टॉप-अप करणं आणि बदलणं या दोन वेगळ्या गोष्टी आहेत.

गेल्या भागानंतर एका श्रोत्याने विचारलं होतं की इलेक्ट्रिक गाडीत हे सगळं असतं का. क्लच नाही, फॅन बेल्ट नाही, त्यामुळे दोन संशयित तिथेच कमी झाले. ब्रेक आणि वायरिंग आहेच. घाट उतरताना मोटर उलट काम करून बॅटरी चार्ज करते, ब्रेकवर भार कमी पडतो. पण बॅटरी शंभर टक्के भरलेली असेल तर तिला आणखी घेता येत नाही आणि ती मदत कमी होते. महाबळेश्वरच्या हॉटेलात रात्रभर फुल चार्ज करून सकाळी घाट उतरणार असाल, तर ऐंशीलाच चार्जिंग थांबवा.

पुढच्या भागात टायरच्या कडेला लिहिलेले आकडे वाचायला शिकू. तुमच्या गाडीचा वास 'कधी' येतो ते व्हॉइस नोटवर पाठवा. भेटू!